डोळ्याला दिसतं ते फोटोत का येत नाही : साताऱ्याच्या आसपास निसर्ग, आकाश आणि प्रवास टिपताना कामाचा क्रम

सप्टेंबर उजाडला की ओळखीपाळखीच्यांचे मेसेज सुरू होतात. "कासला गेलो होतो, फुलं नुसती गच्च होती, पण फोटोत सगळं गवतच दिसतंय. मोबाइल बदलू का?" मी फोटो मागवून घेतो आणि आधी त्याची वेळ बघतो. साडेअकरा, पाऊण, एक वाजून दहा मिनिटं. उत्तर तिथंच मिळालेलं असतं. मोबाइल चांगलाच असतो, बहुतेक वेळा माझ्यापेक्षा महागडा.

चूक क्रमात होते. गाडीतून उतरलं की हात खिशात जातो, मोबाइल बाहेर येतो, त्यानंतर कुठं उभं राहायचं ते ठरतं आणि उजेड कुठून येतोय हे सगळ्यात शेवटी कळतं, कळलं तर. करायचं असतं ते असं: आधी उजेड, मग जागा, मग विषय आणि सगळ्यात शेवटी मोबाइल. पुढचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. एखादा टप्पा गाळलात तर पुढच्या टप्प्यात तो नडतोच.

## १. आदल्या रात्री : घड्याळ, डोंगर आणि ढग

आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची आणि सातारा साधारण ७४ अंशांवर. अंशाला चार मिनिटं धरली तर आपला सूर्य घड्याळापेक्षा सरासरी ३४ मिनिटं मागे चालतो. म्हणून आपल्याकडे ऊन माथ्यावर येतं ते साडेबाराच्या आसपास. जानेवारीत सूर्योदय सातच्या पुढे जातो आणि जूनच्या सुरुवातीला सहाच्या जवळपास येतो. थंडीत सकाळी नऊपर्यंत चालणारा तिरपा उजेड मे महिन्यात आठलाच संपतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तर साताऱ्यात शून्य सावलीचा दिवस येतो. त्या दुपारी सरळ उभ्या खांबाला स्वतःची सावली नसते, मग झाडाला, दगडाला, चेहऱ्याला उठाव कुठून येणार? त्या तासांत घरी ताक प्यावं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि बाहेरून आलेले लोक इथंच फसतात. पंचांगात किंवा मोबाइलवर दिलेली सूर्यास्ताची वेळ सपाट क्षितिजाची असते. आपण डोंगरांच्या कुशीत राहतो. हात ताठ करून मूठ आवळली की ती आकाशात साधारण १० अंश झाकते, आणि आपल्या अक्षांशावर सूर्याला तेवढं खाली यायला सुमारे ४० मिनिटं लागतात. समोरचा डोंगर अर्धी मूठ उंच असेल तर सूर्य छापील वेळेच्या वीस मिनिटं आधीच गायब. मी स्वतः एकदा वाईच्या बाजूला घाटावर सूर्यास्तासाठी धापा टाकत पोचलो तेव्हा वीस मिनिटं हातात आहेत अशा हिशोबात होतो. नदीवर सावली कधीच पसरली होती आणि उन्हाचा शेवटचा पट्टा समोरच्या डोंगरावर चढत चालला होता. तेव्हापासून जागा आदल्या दिवशी बघता आली तर बघतो, नाहीतर छापील वेळेच्या तासभर आधी पोचतो.

सूर्य रोज एकाच ठिकाणी उगवतही नाही. आपल्याकडे जूनमध्ये तो पूर्वेच्या जवळजवळ २५ अंश डावीकडे, म्हणजे उत्तरेला सरकलेला असतो आणि डिसेंबरमध्ये तेवढाच उजवीकडे. दोन्ही टोकांमधलं अंतर पाच मुठींचं. मार्चमध्ये कुणी काढलेला सुंदर सूर्योदय बघून तुम्ही डिसेंबरात त्याच कट्ट्यावर उभे राहाल, तर सूर्य भलत्याच डोंगरामागून येईल.

तिसरं म्हणजे दोन बेत ठेवा, एक पश्चिमेचा आणि एक पूर्वेचा. जुलैत यवतेश्वराच्या घाटात दहा फुटांपलीकडचं दिसत नसतं, तेव्हा त्याच जिल्ह्यात दहिवडी-म्हसवडकडे निळं आकाश आणि धावते पांढरे ढग असतात. पूर्वेकडचे माण-खटाव तालुके पाऊससावलीत असल्याचा हा एवढा एकच फायदा, तो आपण घ्यायचा. उघड्या माळावर ढगांच्या सावल्या सरकताना बघायला पावसाळ्यात पूर्वेसारखी जागा नाही, आणि तिकडे गर्दीही नसते.

पिशवीत काय असावं? चष्मा पुसायचं मऊ कापड, एक सुकं फडकं, पॉवर बँक, झिपची प्लास्टिक पिशवी आणि जुन्या मोज्यात भरलेले तांदूळ. हो, तांदूळ. मूठभर तांदळाचा मोजा दगडावर, कठड्यावर किंवा गाडीच्या बॉनेटवर ठेवून त्यात मोबाइल किंवा लेन्स दाबून बसवली की ती हलत नाही. तिपाई आणायचा कंटाळा येतो, मोजा खिशात मावतो. पावसाळ्यात तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारा, नाहीतर चौथ्या दिवशी वास मारेल.

तपासा: मोबाइलमध्ये चार-पाच जीबी जागा मोकळी आहे का? कॅमेऱ्यात ग्रिड म्हणजे उभ्या-आडव्या रेषा चालू आहेत का? फोटोवर तारीख आणि कंपनीचं नाव छापणारं सेटिंग बंद आहे का?

## २. पोचल्यावर : लेन्स पुसा, मग दहा मिनिटं हात मागे

लेन्स पुसायला विसरणं ही आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक आहे आणि ती मी केलेली आहे. ठोसेघरला जाताना वाटेत कांदाभजी खाल्ली, त्याच बोटांनी मोबाइल हाताळला आणि अख्खा दिवस फोटो काढले. घरी बघतो तर प्रत्येक फोटोत उजेडाभोवती दुधट झालर. तेलाचा तो डाग नंतर कुठल्याही अ‍ॅपने जात नाही. शर्टाच्या टोकाने पुसलं की तेल फक्त पसरतं. आधी फुंकर मारून धूळ उडवा, मग मऊ कापडाने गोल गोल पुसा.

पावसाळ्यात यात आणखी एक भर. एसी लावलेल्या गाडीतून उतरलात की गार काचेवर बाहेरची दमट हवा साचते आणि लेन्स आंधळी होते. पुसली तरी पुन्हा धरते. ठिकाण यायच्या पंधरा मिनिटं आधी एसी बंद करून खिडक्या उघडा, म्हणजे कॅमेरा बाहेरच्या हवेला सरावतो.

आता मोबाइल खिशात. दहा मिनिटं नुसतं फिरा. सूर्याकडे पाठ करून बघा, सूर्याकडे तोंड करून बघा, मग तो कुशीला घेऊन बघा. पाठीवर ऊन असलं की रंग भडक दिसतात पण सगळं चपटं होतं. कुशीवरून येणाऱ्या उन्हात ढेकूळ न् ढेकूळ उठून दिसतं. समोरून येणाऱ्या उन्हात पान, गवत, धूळ, धूर पेटल्यासारखे होतात. नोव्हेंबर-डिसेंबरात उसाला तुरा येतो तेव्हा हा प्रयोग करून बघा. सूर्य पाठीशी ठेवून तुरा मळकट पांढरा दिसतो. बांधावरून पलीकडे जा आणि संध्याकाळचा सूर्य तुऱ्यामागे घ्या, प्रत्येक तुऱ्याला चांदीची कड येते. शेत तेच, चालायचं वीस पावलं. संध्याकाळी जनावरं घरी परततानाची धूळही तशीच, सूर्याच्या बाजूला तोंड करून उभं राहिल्याशिवाय ती दिसतच नाही.

## ३. जागा : पाय आधी, झूम नंतर

विषय ठरला की तीन गोष्टी शोधा: जवळ काय आहे, मध्ये काय आहे, लांब काय आहे. अजिंक्यताऱ्यावरून शहराचा फोटो घेताना लोक सरळ शहरावर मोबाइल रोखतात आणि डब्यांची रांग मिळते. तटाचा एखादा काळा दगड किंवा वाळलेल्या गवताची चार पाती खालच्या कोपऱ्यात घेतली की आपण किती उंचावर आहोत ते फोटोत उतरतं.

मोबाइलचा झूम दोन प्रकारचा असतो. २एक्स किंवा ३एक्स अशी वेगळी लेन्स असेल तर ती बिनधास्त वापरा. दोन बोटांनी ताणून केलेला झूम म्हणजे फोटो कापून मोठा करणं, ते घरी बसूनही करता येतं. आपल्या मोबाइलमध्ये नेमक्या कुठल्या लेन्स आहेत हे एकदा घरात बघून ठेवा. कॅमेरा चालू ठेवून आकड्यांची बटणं दाबा आणि एकेक लेन्स बोटाने झाका. पडद्यावर अंधार झाला की ती लेन्स चालू आहे.

क्षितिज ग्रिडच्या रेषेला समांतर धरा. कृष्णेचं पाणी एका बाजूला वाहून जाताना दिसतं ते फोटो हजारांनी आहेत. आणि क्षितिज फोटोच्या मधोमध आणू नका. आकाशात काही घडत असेल तर त्याला तिनांतले दोन भाग द्या, नसेल तर एक. संगम माहुलीला किंवा सांगलीजवळ हरिपूरच्या संगमावर स्थिर पाण्यात पूर्ण प्रतिबिंब मिळालं, तर हा नियम खुशाल मोडा.

सावध: धबधब्याच्या वरच्या अंगाला शेवाळलेल्या कातळावर जागा शोधत जाऊ नका. तिथून खालचं पाणी दिसतही नाही, फक्त पाय घसरतो. धबधबा समोरून बघायचा असतो.

## ४. कुलूप लावा

आता मोबाइल काढा. कॅमेऱ्याला एक खोड आहे: समोर जे असेल ते मध्यम करड्या उजेडाचं आहे असं तो धरून चालतो. पांढरं धुकं असलं की तो त्याला करडं करतो आणि काळाकभिन्न ओला कातळ असला की त्यालाही करडा करतो. डोळ्याला दिसलं तसं फोटोत येत नाही, त्याचं अर्धं कारण हे.

उपाय सगळ्या मोबाइलवर जवळपास सारखाच आहे. जिथं फोकस हवा तिथं बोट दोन-तीन सेकंद दाबून धरा. कुलपाचं चिन्ह किंवा पिवळा चौकोन येतो. म्हणजे फोकस आणि उजेड दोन्ही जखडले. शेजारी सूर्याचं चित्र असलेली पट्टी येते, ती वर-खाली सरकवून उजेड कमी-जास्त करा.

धुक्यात किंवा पांढऱ्या ढगांत पट्टी थोडी वर. कॅमेरा असेल तर त्यावरची उजेड कमी-जास्त करायची सोय (एक्सपोजर कॉम्पेन्सेशन) +०.७ ते +१. काळ्या कातळावर आणि दाट झाडीत थोडी खाली. उगवत्या-मावळत्या आकाशात खाली, आणि धीर करून खाली. पांढरं फटक झालेलं आकाश नंतर परत आणता येत नाही, काळवंडलेली जमीन बऱ्यापैकी उजळता येते. शंका आली की अंधाराच्या बाजूने चुका.

एचडीआर (कमी-जास्त उजेडाचे फोटो जोडून एक करणारी सोय) चालू असू द्या, पण हलत्या फांद्यांवर दुहेरी कडा दिसायला लागल्या तर बंद करा. रॉ फाइलची (कॅमेऱ्याने न दाबलेल्या, जड मूळ फाइलची) सोय असेल तर सूर्योदय-सूर्यास्तापुरती वापरा. दिवसभर चालू ठेवली तर चारलाच मोबाइल भरला म्हणून कुरकुर सुरू होईल.

तपासा: पहिला फोटो काढल्यावर तो दोन बोटांनी मोठा करून बघा. कडा नीट आहेत का? आकाशात कुठं कोऱ्या कागदासारखा डाग आहे का? आत्ताच बघा, घरी गेल्यावर बघून उपयोग नाही.

## ५. आकाश

या टप्प्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण आकाशाचे फोटो सगळेच काढतात आणि त्यातले निम्मे पाच मिनिटं लवकर निघाल्यामुळे वाया जातात.

सूर्यास्त. सूर्याची थाळी क्षितिजाला टेकल्यापासून नाहीशी व्हायला दोन मिनिटांच्या थोडं वर लागतात. लोक त्या दोन मिनिटांत साठ फोटो काढतात आणि गाडीकडे वळतात. ढग असतील तर खरे रंग सूर्य बुडाल्यानंतरच्या दहा ते वीस मिनिटांत चढतात, कारण तेव्हा ऊन ढगांच्या पोटावर खालून पडत असतं. आपल्याकडे संधिप्रकाश फार रेंगाळत नाही, पंचवीस मिनिटांच्या आत आटोपतो. एवढा वेळ थांबा. आणि एकदा मागे वळून बघा. पूर्वेला पृथ्वीचीच निळसर सावली वर चढत असते आणि तिच्यावर गुलाबी पट्टा असतो. स्वच्छ हवेत हिवाळ्यात तो फार देखणा दिसतो, आणि सगळ्यांची तिकडे पाठ असते.

वळवाचे ढग. एप्रिल-मेमध्ये दुपारी तीननंतर फुलकोबीसारखे ढग उभे चढायला लागतात. त्यांचा फोटो लांबून घ्यायचा. ढग डोक्यावर आला की काळं छत दिसतं, आकार दिसत नाही. तीस-चाळीस किलोमीटरवरचा ढग, त्याच्या कुशीवर तिरपं ऊन आणि खाली छोटंसं देऊळ किंवा एकटी बाभूळ, एवढं पुरतं. वीज टिपायची असेल तर मोबाइलवर व्हिडिओ लावा आणि नंतर त्यातली चौकट काढा. बटण दाबून वीज पकडायच्या नादात अंगठा दुखतो, बाकी काही मिळत नाही.

सावध: वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर फोटो थांबवा आणि पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत बसा. उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्कीखाली किंवा झाडाखाली आसरा घेऊ नका.

इंद्रधनुष्य. ते नेहमी सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असतं आणि सूर्य ४२ अंशांच्या, म्हणजे चार मुठींच्या, खाली असेल तरच जमिनीवरून दिसतं. संध्याकाळी पाऊस पूर्वेकडे सरकला आणि पश्चिमेला ऊन फुटलं की स्वतःच्या सावलीकडे तोंड करून उभे राहा. लेन्सवर पोलरायझर (चमक कमी करणारी फिरती काच) असेल तर तो फिरवून बघा, चुकीच्या कोनात तो इंद्रधनुष्यच पुसून टाकतो.

चंद्र. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या आसपास उगवतो, म्हणून तो जरा वर येईपर्यंत जमीन काळी पडते आणि फोटोत काळ्या कागदावर पांढरी टिकली उरते. आदल्या दिवशी, शुद्ध चतुर्दशीला, जा. त्या दिवशी चंद्र साधारण पाऊण-एक तास आधी वर येतो. डोंगरावर अजून उजेड असतो आणि दोन्ही एकाच फोटोत मावतात. फक्त चंद्रच हवा असेल तर कॅमेऱ्यावर आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, एफ (लेन्सच्या छिद्राचं माप) ११ आणि शटर १/१०० सेकंदापासून सुरू करा. चंद्रावर ऊन पडलेलं असतं, त्याला दिवसासारखीच मापं लागतात. मोबाइलवर चंद्रावर बोट ठेवून कुलूप लावा आणि पट्टी पार खाली ओढा.

तारे. अमावास्येच्या आसपास, शहराचे दिवे पाठीशी ठेवून. आकाशगंगेचा दाट भाग वृश्चिक-धनु राशींकडे असतो आणि एप्रिल-मेमध्ये मध्यरात्रीनंतर दक्षिण-आग्नेयेकडे नीट दिसतो. पावसाळ्यात तो रात्रीच्या सुरुवातीलाच वर असतो, पण ढग दिसू देत नाहीत. मोबाइल तांदळाच्या मोज्यात घट्ट बसवा, नाइट मोड लावा आणि तीन सेकंदांचा टायमर द्या, म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही. कॅमेऱ्यासाठी जुना हिशोब: ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरने भागा. २४ मिलिमीटरची लेन्स फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर असेल तर वीस सेकंद. त्यापुढे ताऱ्यांच्या रेघा होतात.

## ६. धुकं, पाऊस, पाणी

धुक्यात लांबचं दाखवायचा हट्ट सोडा. धुकं मागचा पसारा पुसून टाकतं, त्यामुळे एक झाड, एक माणूस, एक म्हैस एवढंच घ्या. घाटाच्या वळणावर दूधवाल्याच्या मोटारसायकलचा दिवा धुक्यातून उमटतो, त्याला आधी पिवळं वर्तुळ येतं, मग कॅनचा आकार दिसतो आणि शेवटी माणूस. तिन्ही क्षण वेगवेगळे फोटो आहेत. माझ्या मते पहिला सगळ्यात चांगला. (रस्त्याच्या कडेला उभे राहा, मधे नको. त्याला तुम्ही दिसत नसता.)

हिवाळ्यात उलटा प्रकार. थंड हवा खोऱ्यात साचते आणि पहाटे कृष्णा-वेण्णेच्या काठाने धुक्याचा थर बसतो. तेव्हा खाली जाऊ नका, वर चढा. ऊन लागलं की थर तासाभरात विरतो, म्हणून उजाडायच्या आधी वर पोचलेलं असलं पाहिजे.

धबधब्याचं पाणी रेशमासारखं हवं असेल तर शटर पाव ते एक सेकंद उघडं लागतं, आणि तेवढा वेळ हात स्थिर राहत नाही. तांदळाचा मोजा बाहेर काढा. थेंब थेंब वेगळा हवा असेल तर १/१००० सेकंद. मधल्या वेगाला पाणी ना रेशीम ना थेंब, नुसता चुना. पावसाचे थेंब गडद पार्श्वभूमीवरच दिसतात. पांढऱ्या आकाशासमोर मुसळधार पाऊसही गायब होतो, म्हणून मागे झाडी किंवा काळा दरवाजा शोधा.

पाण्यावरची आणि ओल्या पानांवरची चमक मारायला पोलरायझर उपयोगी. मोबाइलला लावायचा नसेल तर पोलराइज्ड गॉगलची काच लेन्सपुढे धरून हळूहळू फिरवा. एका कोनात तळाचे गोटे दिसायला लागतात.

## ७. कास आणि इतर सडे

हा टप्पा खास त्या मेसेजवाल्यांसाठी.

फुलं फोटोत विरळ दिसतात, कारण आपण उभ्याने, रुंद लेन्सने, वरून खाली फोटो काढतो. वरून बघितलं की दोन फुलांमधली जमीन दिसते. वाटेवरच बसा, मोबाइल गुडघ्याच्या खाली न्या आणि २एक्स किंवा ३एक्सची लेन्स घ्या. तिरप्या नजरेत फुलं एकामागे एक दाटतात. मग सोनकीचा पिवळा पट्टा आणि मागे तेरड्याचा गुलाबी पट्टा एकमेकांना चिकटून येतात. लोकांना हवा असतो तो गालिचा हाच.

सीतेची आसवं किंवा गेंद जवळून घ्यायचे तर वारा हा खरा शत्रू. पठार साधारण १२०० मीटर उंचीवर आहे, वारा थांबत नाही, पण दम खातो. फोकसला कुलूप लावा, श्वास रोखा, फूल जागेवर परत येईल त्या क्षणी तीन-चार फोटो सलग घ्या. आठातला एक मिळतो, तेवढा पुरे. ढगाळ दिवस असेल तर हळहळू नका, जवळच्या फुलांना तो मऊ उजेड उन्हापेक्षा मानवतो. कातळातल्या खळग्यांत साचलेल्या पाण्याकडेही बघा. मोबाइल उलटा करून लेन्स पाण्याला टेकायच्या बेतात आणली की वीतभर डबक्यात अख्खं आकाश मावतं.

जायच्या आधी ऑनलाइन बुकिंग बघा आणि जमलं तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, पहिल्या वेळेला जा.

सावध: आखलेल्या वाटेबाहेर पाऊल नको. सड्यावर मातीचा थर बोटभर असतो, बुटाखाली आलेलं रोप पुन्हा उठत नाही. ड्रोन परवानगीशिवाय उडवू नका.

## ८. खिडकीतून

पुण्याला सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्यांसाठी एक सोपी युक्ती. जाताना तोंड उत्तरेला असतं, सूर्य उजवीकडे, म्हणून ऊन पडलेले डोंगर डाव्या खिडकीत. संध्याकाळी परतताना तोंड दक्षिणेला, सूर्य पुन्हा उजवीकडे, ऊन पडलेला मुलूख पुन्हा डावीकडे. दोन्ही वेळा डावी खिडकी धरा. तोंडावर ऊनही येत नाही.

काच बंद असेल तर मोबाइल काचेला अगदी जवळ न्या, पण टेकवू नका. टेकवला की इंजिनाची थरथर थेट फोटोत येते. मधे बोटांची कड ठेवा, प्रतिबिंबही अडतं. गाडीच्या वेगाने जवळच्या गोष्टी पळतात, लांबच्या पळत नाहीत. रस्त्याकडेची झाडं सोडा, मागची टेकडी घ्या. शटर १/१००० च्या आसपास ठेवा. एसटीची खिडकी उघडी असेल तर मोबाइल बाहेर काढू नका, समोरून उसाची ट्रॉली येते.

घाट, थांबा, टपरी इथं माणसं फोटोत येणारच. ऊसतोड करणारी बाई, मेंढ्या घेऊन चाललेला बापू, चहा गाळणारा पोरगा. आधी रामराम करा, दोन शब्द बोला, मग विचारा. नको म्हणाले तर नको. हो म्हणाले तर पहिले दोन-तीन फोटो ताठ उभ्या पोजचे येतात, ते घ्या आणि त्यांना दाखवा. ती माणसं आपल्या कामाला वळली की खरा फोटो मिळतो.

## ९. घरी आल्यावर

त्या रात्री काही पुसू नका, फक्त उतरवून ठेवा. दमलेल्या डोळ्यांना सगळंच टाकाऊ वाटतं. मूळ फाइल एक मोबाइलमध्ये आणि एक लॅपटॉपवर किंवा हार्ड डिस्कवर. महत्त्वाचे असतील तर तिसरी प्रत घराबाहेर, क्लाउडवर किंवा भावाकडे.

दोन दिवसांनी निवडायला बसा. सारख्या दहा फोटोंतला एकच ठेवायचा. मग क्रमाने: आधी क्षितिज सरळ करा, मग कड कापा, मग उजेड, शेवटी रंग. बहुतेक लोक रंगापासून सुरू करतात, मग हिरवं गवत पोपटी होतं आणि आकाश शाईचं. रंगाची पट्टी जिथं बरी वाटेल तिथून निम्मी मागे घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघा, बहुधा आणखी थोडी मागे घ्यावीशी वाटेल.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो लहान आणि धुरकट होतो. छापायला किंवा स्पर्धेला द्यायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

कॅमेरा असेल तर पावसाळ्यात तो कपाटात चामड्याच्या पिशवीत ठेवू नका. आपल्याकडच्या दमट हवेत लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा घ्या, तळाला निळ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका. खडे गुलाबी झाले की ते ओल पिऊन भरलेत असं समजा. जुन्या, स्वयंपाकात न वापरायच्या तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत तापवा, पूर्ण गार होऊ द्या आणि मगच डब्यात टाका.